पाच नंबरचा पेला

४ जानेवारी

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या ऑफिसने पाठवलेला फॉर्म मिळाला. त्यात 'पुरवठादाराचे शिक्षण व अनुभव' असा रकाना असून त्याला बोटभर जागा ठेवली आहे. माझं शिक्षण त्यात आरामात मावतं, वर जागाही उरते. अनुभव मावत नाही, म्हणून तो वेगळा लिहितो. ऑफिसला वाचून दाखव, जमल्यास मोठ्याने.

या दोन हातांनी केलेल्या वस्तू: स्टेनलेस स्टीलचे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारी भांडी, एकशे बारा, त्यांतली आठ तुमची. आत बसणारे टेफ्लॉनचे पेले, तेवढेच. ही भांडी ओव्हनमध्ये उलटीपालटी फिरवणारे दांडे, मोटरीसकट, चार. दाब वाढला की शिट्टी देणारं झाकण, एक. मी नोकरीला होतो त्या संस्थेत ते कोणालाच आवडलं नाही, कारण ते खरोखरच शिट्टी द्यायचं. हा लेथ, भंगारातल्या तीन लेथांचा मिळून एक. आणि तुझं पुस्तकांचं कपाट, जे आजही नीट मिटत नाही. ते लाकडाचं होतं. लाकूड हा माझा विषय नाही.

आता तुमची आठ भांडी. तू सांगितलंस ते मला असं कळलं: सिलिका, थोडं कथिल, एक सेंद्रिय क्षार आणि पाणी यांची खळ करायची, पेल्यात भरायची, झाकण आवळायचं आणि एकशे चाळीस अंशांवर ठेवून तिला विसरून जायचं. दिवस भरले की आत सिलिकेटचा सांगाडा तयार. त्यात रेणूएवढी भोकं आणि मधूनमधून सिलिकॉनच्या जागेवर हक्काने बसलेलं कथिल. थोडक्यात, पाण्यात शिजवलेली चाळणी. यातलं रसायन मला कळत नाही असं तुझ्या सरांचं मत आहे, ते बरोबर आहे. चाळणी ज्यात शिजते ते भांडं सरांना कळत नाही, त्याचा मात्र फॉर्ममध्ये रकाना नाही.

आठही पेले टेफ्लॉनच्या एकाच रॉडमधून, एकाच आठवड्यात काढले आहेत. पेला आणि स्टील यांत पंधरा शतांश मिलिमीटर फट ठेवली आहे, कारण टेफ्लॉन तापलं की फुगतं. दोन-तृतीयांशाच्या वर भरायचं नाही. गार झाल्याशिवाय झाकण सोडायचं नाही. धुवायला गरम कॉस्टिक, बस. ते तुमचं हायड्रोफ्लोरिक आम्ल लांब ठेव. ते कातडीवर थांबत नाही, हाडापर्यंत जातं. पेले मी आणखी करीन, तुझी बोटं माझ्या लेथवर होत नाहीत.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवरच्या बोलण्याला तारीख नसते. इथे आहे, वर बघ.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

अनुभव ऑफिसला वाचून दाखवला. कारकूनबाईंना शिट्टीचं झाकण फार आवडलं, त्यांना एक साहेबांसाठी हवं आहे. शिक्षणाच्या रकान्यात मी 'पुरेसे' असं लिहिलं.

सरांनी एक भांडं हातात घेऊन सगळीकडून फिरवलं आणि कंपनीचं नाव शोधलं. नुसता पाच आकडा सापडला, तर हा मॉडेल नंबर का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, मामाने ओळीने आकडे कोरलेत. त्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, "मामा म्हणजे कोणती कंपनी?" आमच्याकडे त्यांचं नाव 'तपासून-घ्या' असं पडलंय. प्रत्येकाला ते हेच सांगतात. स्वतः काय तपासतात ते अजून कोणी पाहिलेलं नाही.

आता खरी बातमी. आठही भांड्यांत एकाच बादलीतली खळ भरली, एकाच ओव्हनमध्ये ठेवली, दोन दिवसांनी उघडली. सातांत खळ होती तशीच, जरा घट्ट. पाच नंबरमध्ये तळाला पांढरीशुभ्र भुकटी. एक्स-रेच्या यंत्रात लावली, तर आलेखावर शिखरं अशी उभी राहिली की सरांनी चष्मा काढून पुसला. सातांच्या आलेखात नुसतं एक आळशी टेकाड, म्हणजे आत काहीच घडलेलं नाही. तुला अंदाज यावा म्हणून लिहिते: हा पदार्थ लोक चार-चार आठवडे शिजवतात. घाई असेल तर आधीचे तयार स्फटिक चिमूटभर घालतात, त्याला बी म्हणतात. आम्ही बी घातलं नव्हतं. बियांशिवाय, दोन दिवसांत, हे आजवर कोणाला जमलेलं नाही.

सरांचं म्हणणं असं, की कृती अचूक आहे, सात भांडी सदोष आहेत. 'घरगुती माल' हा त्यांचा शब्द, माझा नाही. तरी एकदा सांग, कुठे गळत असतील का? चिडू नकोस. माझी मुदत तीस जूनला संपते. पाच वर्षांत माझ्या नावावर एक पेपर नाही, आणि पेपर छापून आल्याशिवाय पदवी नाही. मला हे आठहीच्या आठ भांड्यांत व्हायला हवंय.

तुझी भाची


१० फेब्रुवारी

चि. शहाणीस,
अ. आ.

'घरगुती माल' मिळाला. तुझ्या मामीला वाचून दाखवला. ती म्हणाली, बरं झालं, या घरात कसलातरी माल तयार होतो हे कोणीतरी मान्य केलं.

सात घड्याळं साडेचार दाखवतात आणि एक साडेसहा. तुझ्या सरांनी सातही घड्याळजीकडे पाठवली आणि आठवं मनगटावर बांधलं. अशा माणसाच्या हातात तुझी पदवी आहे, तेव्हा त्यांना उलट बोलू नकोस. मी बोलतो, मला त्यांच्याकडून काही नको.

गळत असती तर वजन कमी झालं असतं. भरताना आणि उघडताना वजन केलं होतंस का? नसशील केलं. आता कर. मग पाच नंबरचा पेला दोनाच्या स्टीलमध्ये बसव आणि दोनाचा पाचाच्या. बसतील, केसाचा फरक नाही. ओव्हनमधल्या जागाही बदल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. हे तुला पाच वर्षांत कोणी शिकवलं नसेल तर पुरवठादाराकडून शिक.

आणि पाच नंबरचा फार कीस पाडू नकोस. काही भांडी नशीबवान असतात.

मामा


३ मार्च

ती. मामास,
सा. न.

तुझ्या पत्रात 'नशीबवान' हा शब्द आहे. मी तो दोनदा वाचला. मी पाचवीत असताना माझी नवी पट्टी 'अर्धा मिलिमीटर खोटं बोलते' म्हणून मोडणारा माणूस नशिबावर बोलायला लागला, म्हणजे एकतर तुझी तब्येत बरी नाही किंवा तू काहीतरी गिळून बसला आहेस.

वजनं केली. एकही भांडं गळत नाही, अभिनंदन. अदलाबदल केली. जागा बदलून फरक नाही. स्टील बदलून फरक नाही. स्फटिक पेल्यामागे जातात. पाचाचा पेला जिथे, तिथे भुकटी. सहा वेळा केलं, सहाही वेळा.

त्या भुकटीवर करता येईल ते सगळं केलं. नायट्रोजन वायू आत सोडून भोकांचं क्षेत्रफळ मोजलं: एका ग्रॅमला पाचशे चौरस मीटर. अतिनील प्रकाशात बघितलं: कथिल सांगाड्यात बसलंय, बाहेर ऑक्साइड होऊन टवाळक्या करत फिरत नाहीये. इतकी सुरेख भुकटी मी पाच वर्षांत पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी मी बाटली नुसती हातात घेऊन बसले होते.

सरांनी पेपर लिहून पाठवूनही दिला. शीर्षकातच 'बियांशिवाय' हा शब्द आहे. आत लिहिलंय, सहा वेळा पडताळून पाहिलं. सहाही वेळा एकाच पेल्यात, हे लिहिलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले की बाकीच्या सातांत तुझा हात नीट चालला नसेल. पहिलं नाव माझं आहे. एका कंपनीचे दोघे येऊन भुकटी बघून गेले. सर हल्ली जिना चढताना गुणगुणतात.

मामा, पाच नंबरच्या पेल्यात काय आहे?

भाची


२९ मार्च

चि. शहाणीस,
अ. आ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. एक पेला काढायला मला चार तास लागतात, ही ओळ काढायला सव्वीस दिवस लागले.

तो पेला जुना आहे.

रॉड कमी पडला. आठ पेल्यांची लांबी मी कागदावर काढली, तीनदा बेरीज केली, बरोबर आली. करवत दर कापाला तीन मिलिमीटर खाते, ते धरायचं राहिलं. सात काप, एकवीस मिलिमीटर. हे शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी आपला आपण शिकलो, हे तर मी सगळ्यांना न विचारता सांगत असतोच.

नवा रॉड यायला तीन आठवडे लागले असते आणि मी तुला चार जानेवारी सांगितली होती. माझी तारीख चुकत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. संस्थेचं भंगार मोडीत निघालं तेव्हा आणलेला एक मोठा पेला होता. तो आतून-बाहेरून अर्धा-अर्धा मिलिमीटर कातून काढला. तळ कातला नाही, पातळ झाला असता. कॉस्टिकमध्ये तीनदा उकळला. बाकीच्या सातांत ठेवला तर मलाही ओळखू येईना. म्हणून त्यावर पाच घातला, आठ नाही. आठ घातला असता तर शेवटी केलेला कोणता ते कोणीतरी विचारलं असतं.

संस्थेत त्या पेल्यात एक मुलगा चार वर्षं काय शिजवायचा, ते मला त्या वेळी आठवलं नाही. तुझं दोन फेब्रुवारीचं पत्र वाचताना आठवलं. हीच कथिलाची चाळणी, दर खेपेला चाळीस दिवस. टेफ्लॉन दिसतं गुळगुळीत, पण असतं स्पंजासारखं. तळाच्या ओरखड्यांत त्याचे स्फटिक बसलेले असणार, कॉस्टिकला दाद न देता. तुम्ही बी घातलं नाहीत हे खरं. ते मी घातलं, भांड्याबरोबर, फुकट.

तेव्हाच का लिहिलं नाही? 'एकाच रॉडमधून' हे वाक्य मी जानेवारीत लिहून बसलो होतो आणि ते मला फार आवडलं होतं.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी कर. पाचाची भुकटी चिमूटभर दोन नंबरमध्ये टाक. दोन दिवसांत तिथेही स्फटिक येतील. मग पाच नंबर त्या हायड्रोफ्लोरिकने धुऊन घे. नंतर त्यात नुसती खळ राहील. धुवायचं काम तुमच्याकडचा आम्लाच्या खोलीतला माणूस करील, तू नाही. एवढा एक हुकूम अजूनही माझा.

मामा


२० एप्रिल

ती. मामास,
सा. न.

अभिनंदन. दोन नंबरमध्ये चिमूटभर टाकली, स्फटिक आले. पाच नंबर आम्लाने धुतला, खळ आली. तू म्हणालास तस्सं. एवढी अचूक भविष्यवाणी तू जानेवारीत केली असतीस तर माझे तीन महिने वाचले असते, आणि एका पेपरवर माझं नाव खोट्या शीर्षकाखाली पहिलं आलं नसतं. पण तुझी तारीख चुकली असती. तारीख महत्त्वाची.

मी आठ दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की आईला फोनवर म्हटलं, तुझ्या भावाला सांग, कपाटाचं दारही त्याला कधी बसवता आलं नाही. तिने ते तुला सांगितलं नसेल, म्हणून मी लिहिते.

सरांना सगळं सांगितलं, आलेख समोर ठेवले. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, आम्लाने पेला बिघडला असणार. दोन नंबरचं काय, असं विचारलं तर तो योगायोग. मग दार लावून म्हणाले की पेपर तपासणाऱ्यांपैकी एकाने नेमका प्रश्न विचारलाय: वापरलेले पेले नवे होते का, आधी त्यांत काही बनवलं होतं का? उत्तर म्हणून ज्याने भांडी केली त्याचं दोन ओळींचं पत्र जोडलं की झालं. ते स्वतः तुझ्याकडे येणार आहेत. घरगुती मालाच्या कारखान्यात.

मला काय हवंय ते विचारू नकोस. एक दिवस वाटतं, दे ना सही, जगात कथिलाच्या चाळणीवाचून कोणाचं काय अडलंय. दुसऱ्या दिवशी वाटतं, तू सही केलीस तर तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. आज पहिल्यातला दिवस आहे. तीस जूनला एकाहत्तर दिवस उरलेत.

भाची


१२ मे

चि. शहाणीस,
अ. आ.

तुझे सर काल येऊन गेले. स्टुलावर बसण्याआधी त्यांनी रुमाल अंथरला. बसले मात्र रुमालाच्या शेजारी. पँटला लागलं ते ग्रीस जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सुरुवातीला लेथचं कौतुक झालं. मग माझ्या हातांचं. मग अशा हातांची समाजाला असलेली गरज. मामीने चहा आणला तेव्हा आम्ही देशाच्या प्रगतीपर्यंत आलो होतो. चहा संपल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. टाइप करून आणला होता, मला लिहायचा त्रास नको म्हणून. आठही पेले नवे असून त्यांत पूर्वी कोणताही पदार्थ बनवलेला नाही, खाली सहीला जागा. मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, आठांपैकी सात तर खरोखर नवे आहेत ना, मग बहुतांशी खरंच आहे. शिवाय भाचीचा विचार करा.

तुझा विचार मी केला. फार वेळ केला, ते घड्याळाकडे बघत होते. तुझी पाच वर्षं, तीस जून, आणि हे सगळं माझ्या एकवीस मिलिमीटरांमुळे. मग म्हटलं,

"सर, सात खरे आणि एक खोटा याला आठ खरे म्हणायचं, हे मी जानेवारीत करून बघितलंय. माझ्यापेक्षा चांगलं तुम्हाला जमणार नाही."

त्यांचा कागद त्यांना परत दिला. माझा एक लिहिला: कोणता पेला, कुठून आणला, किती कातला, तळ का सोडला, आधी आत काय शिजायचं, आणि मी ते लपवलं, हेसुद्धा. सही, तारीख. एक प्रत त्यांना दिली, ती त्यांनी वाचली नाही. दुसरी या पाकिटात आहे. पेपर तुझ्या नावाचा आहे. ती पुढे पाठवायची की फाडायची, ते तू ठरव. फाडलीस तर मी विचारणार नाही. फक्त दुसरा कागद माझ्याकडून मागू नकोस.

कपाटाबद्दल तुझ्या आईने त्याच दिवशी सांगितलं होतं.

मामा


८ जून

ती. मामास,
सा. न.

प्रत चार दिवस टेबलावर होती. पाचव्या दिवशी संपादकांना पाठवली, सोबत दोन नंबरचे आणि धुतलेल्या पाच नंबरचे आलेख. पेपर परत घेतला गेला. सरांनी माझ्याशी बोलणं सोडलंय, त्यामुळे काम बरंच पुढे सरकलं.

तीस जूनची मुदत हातची गेली. विभागाच्या समितीने डिसेंबरअखेरपर्यंत वाढवून दिली, विद्यावृत्तीशिवाय. सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रयोग घेते. त्यांना पहिलं वाक्य सांगते की भांडं आधी कशासाठी वापरलं होतं ते विचारा. दुपारी माझं काम. आता उघडपणे बी घालते आणि किती कमी घातलं तरी चालतं ते मोजते. गेल्या आठवड्यात खळीच्या दहा हजारांत एक भाग एवढं घातलं, तरी तिसऱ्या दिवशी शिखरं उभी. जुने पेले किती बी लपवून ठेवतात, त्यावर वेगळं प्रकरण होईल. समितीतल्या एक बाई म्हणाल्या की हे पहिल्या पेपरपेक्षा उपयोगाचं आहे, कारण आपण सगळेच जुने पेले वापरतो आणि कोणी बोलत नाही. पाच नंबरवर मी रंगाने 'जुना' असं लिहून ठेवलंय. तुझ्या कोरीव आकड्याला हात लावलेला नाही.

एक विचारायचं होतं. सर सगळीकडे सांगताहेत की मामाने सहीसाठी तोंड फाडून पैसे मागितले, ते देता आले नाहीत म्हणून तो बिथरला. कारकूनबाईंनी त्यांना तोंडावर विचारलं, किती मागितले? तर आकडा सांगेनात. तू सरांच्या भेटीचं पान भरून लिहिलंस, पण पैशाचा शब्द नाही. काय झालं होतं?

भाची


१५ जून

चि. शहाणीस,
अ. आ.

पैशाचं लिहिलं नाही, कारण मागच्या पत्राचं पाकीट तुझ्या मामीने चिकटवलं. हे मी चिकटवतोय. तिच्यासमोर वाचू नकोस आणि तुझ्या आईला तर सांगूच नकोस.

मी काही मागितलं नाही. त्यांनी देऊ केलं, आणि माझा नकार झाल्यावर देऊ केलं. त्या कंपनीला मोठी भांडी लागणार आहेत, चाळीस नग, सगळी माझ्याकडून. प्रत्येकाच्या झाकणावर माझं पूर्ण नाव कोरलेलं. पेपरच्या शेवटी आभारात तेच नाव, 'तज्ज्ञ' या शब्दासकट. बदल्यात त्या टाइप केलेल्या दोन ओळींखाली सही. नाव कोरण्याचं ऐकून मी झाकणावर अक्षरं किती मावतील ते मनात मोजायला लागलो होतो, हेही तुला माहीत असू दे. रक्कम सांगितली तेव्हा मी लेथ चालू केला, म्हणजे ऐकू आली नाही असं म्हणता येईल. ते उठून जवळ आले आणि कानात पुन्हा सांगितली. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं.

अकरा लाख चाळीस हजार.